वळणावरचे चेहरे

निकाल लागले की कोल्हापूरच्या राजारामपुरीत चेहरे उगवतात. आदल्या दिवशी नुसता लोखंडी सांगाडा उभा असतो, त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाची चिंधी फडफडत असते. दुसऱ्या दिवशी तिथं ओळीनं हसरी पोरं. तेल लावून बसवलेले भांग, घट्ट वेण्या, चष्मे, आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली टक्के. सगळ्यांच्या वर क्लासच्या सरांचा चेहरा, पोरांच्या चौपट मोठा. जणू परीक्षा त्यांनीच दिली.

यंदाही उगवले. काल भाजी घेऊन येताना नव्या फ्लेक्सच्या शाईचा वास आला. रॉकेल आणि प्लास्टिक एकाच भांड्यात तापवल्यासारखा तो वास असतो. मी गाडी कडेला घेतली. मागचा एकजण हॉर्न मारत पुढं गेला, जाता जाता ओरडला, "काय ओ ताई, चक्कर आली काय?" चक्कर आली नव्हती. मे महिना आला होता.

लोकांना मे म्हटलं की आंबे आठवतात. आमच्या घरी आई कैरीचा तक्कू करायची, गच्चीवर कुरडया घालायची, आणि त्या राखायला मला बसवायची. दादा कामावरून आला की वर येऊन आधी दोन ओल्या कुरडया तोंडात टाकायचा. "क्वालिटी चेक," म्हणायचा. त्याचं कामच ते होतं. अभिजित त्याचं नाव, एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होता. ओतकामातून निघालेले भाग हातात घेऊन, उजेडाकडं तिरके धरून, त्यातला केसाएवढा तडा शोधायचा. दिवसभर. घरी आल्यावरही ते डोळे सुट्टीवर जायचे नाहीत. आईच्या बांगडीला गेलेला तडा आईच्या आधी त्याला दिसायचा. बाबा मी शाळेत असताना गेले, तेव्हापासून आमचं तिघांचं घर. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, मी मोर्चे आणि पत्रकं काढणारी, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा दादा.

गाडी मला त्यानंच शिकवली, कळंब्याच्या तलावाकडच्या रस्त्यावर, पहाटेचं. हँडल माझ्या हातात, आणि तो शेजारून पळतोय, चप्पल फटफटवत. पाण्यावरून गार वारा यायचा, आणि समोरून फिरायला निघालेली म्हातारी माणसं आम्हाला बघून आधीच रस्त्याच्या खाली उतरायची. एकदा समोरून सायकलवाला आला, मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि थेट त्याच्याच अंगावर गेले.

"मने, त्याच्या तोंडाकडं काय बघतीस? स्थळ आलंय व्हय तुला?" दादा ओरडला. सायकलवाला पण हसला. मग दादानं नीट सांगितलं. "चाकाकडं बघायचं. माणूस कुठं वळणार ते त्याचं पुढचं चाक आधी सांगतं. तोंड काय, कुठंबी बघतंय."

तेव्हा मला हे पटलं नव्हतं. चेहरा समोर असताना चाकाकडं बघायचं म्हणजे डोळ्याला सक्तीच. तान्हं बाळसुद्धा आधी चेहऱ्याकडं बघतं. पाळण्यावर चिमण्या टांगा, घुंगरू टांगा, तुम्ही वाकलात की ते तुमच्याकडं बघणार. डोळ्याला आपण शिकवलेलं नाही हे, तो शिकूनच आलाय. आणि त्या शिकून आलेल्या डोळ्याचा धंदा करणारी माणसं आपल्या गावात आहेत. त्यांना पक्कं ठाऊक आहे की "पुढे शाळा आहे" हा त्रिकोण कुणी बघत नाही, पण हसणारा माणूस सगळे बघतात. म्हणून त्रिकोणाच्या पुढ्यात माणूस लावतात. चौकात लावतात, वळणावर लावतात, जिथं गाडी हळू होते तिथंच लावतात, कारण हळू झालेला माणूस वर बघतो. माझा प्रश्न साधा आहे. गाडी तिथं हळू का होते? समोरून कोण येतंय ते बघायला. ते बघणं तुम्ही चोरलंत. माणसाचं लक्ष रस्त्यावर पडलेलं आहे, कुणीही उचलावं, असं तुम्हाला वाटतं काय?

हे मी पत्रकात लिहिलं होतं. दादा जायच्या आधीच. पत्रक त्यानंच वाचून दिलं होतं, दोन उद्गारचिन्हं कमी कर म्हणाला होता.

त्या वर्षीचा मे मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. गुलमोहराखाली लावलेल्या गाड्यांच्या सीटवर लाल पाकळ्या. उन्हानं मऊ झालेलं डांबर, त्यात रुतलेलं एक नाणं. क्लासच्या दारात पेढ्यांचे बॉक्स घेऊन उभे असलेले आईबाप, घामाघूम आणि सुखी. तापलेल्या वाऱ्यात फ्लेक्सचा फुगा होऊन परत चपटा होण्याचा तो आवाज, कुणीतरी ओली सतरंजी झटकल्यासारखा. आमच्या गल्लीच्या तोंडाला, विजेच्या खांबाला आणि सांगाड्याला मिळून, एका क्लासनं तसला फ्लेक्स ताणला होता. खालची कड माणसाच्या गुडघ्याला आणि वरची कड तारेला. गल्लीतून बाहेर येणाऱ्याला मुख्य रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्यावरच्याला गल्ली दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त गुणवंत पोरं.

संध्याकाळ होती, पण लख्ख उजेड होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच विचारतात, अंधार होता का, हेल्मेट होतं का, वेगात होता का. अंधार नव्हता. हेल्मेट होतं. वेगात तर अजिबात नव्हता, गल्लीच्या तोंडाशी तो नेहमी पाय टेकायचा. फ्लेक्सच्या कडेपलीकडचं दिसावं म्हणून त्यानं पुढचं चाक थोडं बाहेर काढलं. रस्त्यावरून एक मोटार आली. चाक दिसायला हवं होतं. भर उजेडात, रस्त्यावर आलेलं काळं चाक.

मोटार चालवणारा माणूस आमच्या घरी आला. केस चालू होती, वकिलानं जाऊ नका म्हणून सांगितलेलं, तरी आला. शिरोळच्या बाजूला त्यांचं कापडाचं दुकान आहे, एवढंच सांगते. पांढरा सदरा, हातात काही नाही. सोफ्याच्या अगदी कडेला बसले, कुणी ऊठ म्हणालं तर उठता यावं असे. मी मनात खूप काही ठरवून ठेवलं होतं. कुणाच्याही तोंडावर बोलायची मला सवय आहे. आईनं त्यांना पाणी दिलं. ते पाणी हातात धरून बसले.

"मी प्यायलेलो नव्हतो, बाई. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही मी. मोबाईल पण नव्हता हातात."

"मग?" मी विचारलं. फार कडक विचारलं.

"बघत होतो की. डोळे उघडे होते माझे." पाणी न पिताच त्यांनी भांडं खाली ठेवलं. "पोरगी माझी त्या क्लासला होती. बोर्डावर फोटो लागलाय म्हणून पाव्हण्यांचा फोन आला. म्हटलं जाताजाता बघू. एवढी पोरं होती त्याच्यावर. मी आपला शोधतोय, शोधतोय. दुसऱ्या ओळीत सापडली. वेणी पुढं घेतलेली. हसलो मी. आणि आवाज आला."

आईनं पदर तोंडाला लावला. मला त्या माणसाचा राग येत नव्हता, आणि राग येत नाही याचाच राग येत होता.

"तिला माहीत नाही," ते म्हणाले. "ॲक्सिडेंट झाला एवढं माहीत आहे. मी तिचा फोटो बघत होतो हे नाही सांगितलं. तुम्ही कुठं बोलू नका, पाया पडतो. पोरगी परत पुस्तक हातात धरायची नाही."

म्हणून मी त्यांचं नाव लिहीत नाही, क्लासचं लिहीत नाही, आणि वर जी वेणी लिहिली ती वेणी नव्हती. मुलीनं हे वाचलं तरी तिला ती सापडू नये.

त्यानंतर मी त्या एका क्षणाचा खूप विचार केला. चेहऱ्यांच्या गर्दीत आपलं माणूस शोधणारा डोळा कसा असतो? जत्रेत आईनं आपल्याला शोधलेलं आठवा. तिच्यासमोरून हत्ती गेला तरी तिला दिसत नाही. ते आंधळेपण नसतं, उलट तेव्हा ती फार बघत असते, फक्त एकाच गोष्टीसाठी. डोळा एका ठिकाणी असा गुंतला की पायाला निरोप उशिरा पोचतो. एरवी उशीर म्हणजे काय? एखादी पापणी लवण्याएवढा. पोळी तव्यावर जरा जास्त भाजते. पण त्या पापणीएवढ्या जागेत एक अख्खा माणूस मावतो, हे मला माहीत नव्हतं.

अपघातानंतर क्लासवाल्यांनी गुपचूप येऊन फ्लेक्स काढून नेला. सांगाडा तेवढा राहिला. मी तिथं जाऊन उभी राहिले. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता, गल्लीतलं कुत्रंसुद्धा दिसत होतं. एवढंच हवं होतं. एवढंच करायचं होतं.

आणि चार दिवस गेले नाहीत तोवर त्या रिकाम्या सांगाड्यावर माझा दादा आला.

भावपूर्ण श्रद्धांजली. काळी चौकट, दोन्ही बाजूंना दिवे, मधे दादा. खाली त्याच्या मंडळातल्या पोरांचे छोटे छोटे गोल फोटो, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. दादाचा फोटो एका लग्नातला होता. त्यात त्याच्या शेजारी मी होते. मला कापलं होतं, पण त्याच्या खांद्यावरचा माझा हात कापता आला नव्हता, म्हणून बांगड्या घातलेली चार बोटं तशीच राहिली होती, कुणाचीच नसल्यासारखी. दादा हसत होता. मी काहीतरी वाह्यात बोलले होते तेव्हा.

हे काम पप्याचं. पप्या म्हणजे दादाचा पहिलीपासूनचा मित्र, मंडळाचा अध्यक्ष, आमच्या घरात आमच्याइतकंच जेवलेला. मी त्याला तिथंच गाठलं.

"पप्या, हे इथंच का लावलंस?"

"मग कुठं लावू? हितंच गेला की आमचा अभ्या."

"अरे, बोर्डामुळंच गेला तो!"

पप्या माझ्याकडं वळला. रडून रडून डोळे सुजलेले, पण बोलणं ठाम. "ते क्लासचं होतं, ताई. ह्ये आपलं हाय."

सगळं कोल्हापूर या एका वाक्यावर चालतं. दुसऱ्याचा बोर्ड म्हणजे अडथळा, आपला म्हणजे भावना. आणि खोटं काय होतं त्याच्या बोलण्यात? पोरांनी वर्गणी काढली होती. रात्रंदिवस बरोबर असलेला माणूस एकदम दिसेनासा झाला, म्हणून त्याला जमेल तेवढं मोठं करून, तो गेला त्याच जागी परत उभं केलं. आमच्याकडं दुःखालासुद्धा जागा लागते आणि ती रस्त्यावरच लागते. महापालिकेची बोर्ड काढायची गाडी फिरते, तिच्यातल्या माणसाला मी अडवलं. तो म्हणाला, "मॅडम, वाढदिवसाचा असंल तर आत्ता फाडतो. मयताच्या बोर्डाला हात लावला की पोरं अंगावर येत्यात." मी म्हटलं, मी बहीण आहे. तो म्हणाला, "म्हणून तर. बहिणीच्या डोळ्यांदेखत भावाचा बोर्ड फाडू व्हय?"

पण मला अडवलं ते पोरांनी नाही. आईनं अडवलं.

शाळेला सुट्टी होती. रोज पाच वाजले की आई साडी बदलायची, चप्पल घालायची आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. दादाची घरी यायची वेळ. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, बसस्टॉपवर बसल्यासारखी. येणारे-जाणारे तिला ओळखायला लागले होते. नारळपाणीवाला उन्हं तिरकी झाली की आपली छत्री तिच्याकडं सरकवायचा.

"आई, हा काढायला पाहिजे. वळण झाकलं जातंय. लोक वर बघत जातात."

"बघू देत की."

"अगं, कुणीतरी मरेल."

"घरातल्या फोटोला हार घातलाय," आई म्हणाली. "तो फोटो मेलेल्याचा झाला. हा हसतोय, मने. वाऱ्यानं हलतो, तेव्हा मान हलवल्यासारखं वाटतं. राहू दे थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे किती, हे मी जगातल्या कुठल्याही साहेबाला विचारलं असतं. आईला कसं विचारणार? मी अख्ख्या गावाशी भांडणारी पोरगी, माझ्या हातात कात्री होती, सुतळ्या कापायला कितीसा वेळ लागला असता? पण त्या सुतळ्यांच्या दुसऱ्या टोकाला आई होती.

मग मीही तिच्याबरोबर जाऊन बसायला लागले. ती दादाला बघायची, मी रस्ता बघायची. लांबून येणाऱ्या गाडीवरची नजर सरळ असते, मग जराशी उचलते, फ्लेक्सवर टेकते. खालच्या गोल फोटोंवर उतरते, ओळखीचं कुणी आहे का बघते. जीभ चुकचुकते. "पोरगं तरणं हाय की." तोवर वळण येऊन गेलेलं असतं. माझ्या भावाचा चेहरा माणसांचे डोळे खेचत होता आणि गल्लीतून चाकं बाहेर येत होती. दादानं हे बघितलं असतं तर काय म्हणाला असता? बिचाऱ्याला मेल्यावर त्याच कामाला जुंपलं होतं.

एके दिवशी एक बाई मोपेडवरून आली. पुढं पाय ठेवायच्या जागेत तिची मुलगी उभी, पहिलीतली असेल, हँडलच्या वर जेमतेम डोळे. ती मुलगी दिसेल ते वाचत होती, नवीन वाचायला लागलेली पोरं वाचतात तसं, मोठ्यानं, अक्षर अक्षर तोडून. "भा... व... पू..."

आईची मान वळली. आयुष्यभर तिनं पोरांना हेच सांगितलं, रस्त्यानं जाताना पाट्या वाचा.

"मम्मी, पू-च्या पुढं काय?"

मम्मीनं सांगायला वर बघितलं. गल्लीतून रिक्षा बाहेर आली.

लागलं कुणालाच नाही. ब्रेक किंचाळले, मोपेड तिरकी होऊन थांबली, हँडलला अडकवलेली दुधाची पिशवी पडून फुटली. मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. रिक्षावाला अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ ताई, बोर्ड वाचायला आलाय व्हय रस्त्यावर? लेकरू हाय पुढं, कळंना?" मग त्यानंही वर बघितलं. फ्लेक्स बघितला, आणि हात छातीला लावला. तेवढ्यात त्याच्या मागच्यानं त्याला हॉर्न मारला.

आई उठली. पहिल्यांदा त्या मुलीकडं गेली. तिचे डोळे पुसले, गुडघे बघितले, कोपरं बघितली, आणि म्हणाली, "पूर्ण. पू-च्या पुढं र्ण. पूर्ण." मग माझ्याकडं वळली. आवाज वर्गातला होता.

"पप्याला फोन लाव."

पप्या आला, मागं तिघं. रस्त्यावरचं दूध बघून काय झालं असेल ते त्यांना कळलं, तरी पप्या म्हणाला, "काकी, हितनं काढतो. तिकडं चौकात लावू की, ह्याच्या डबल."

"नको रे बाळा. कुणाच्या वाटेत नको उभा करू त्याला."

पप्यानं मान खाली घातली. चौघं सांगाड्यावर चढले. एकानं सवयीनं सुतळीला चाकू लावून खसकन ओढलं, फ्लेक्स एका बाजूनं लोंबला, दादाचा चेहरा मधोमध दुमडला. "अलगद!" आई इतक्या मोठ्यानं ओरडली की रस्ता थांबला. मग त्यांनी गाठी हातानं सोडवल्या. चार कोपरे चौघांनी धरले आणि सावकाश खाली आले. हीच चौघं त्या दिवशी दादाला खांदा द्यायलाही पुढं होती. गल्लीतून घराकडं ते चालायला लागले तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्या आपोआप कडेला झाल्या. एका म्हाताऱ्यानं चपला काढून हात जोडले. फ्लेक्सच आहे, हे त्याला दिसत असणार. तरी जोडले. आई मागून चालत होती, डोक्यावर पदर घेऊन. बायकांना त्या दिवशी स्मशानापर्यंत येऊ दिलं नव्हतं. आज कुणी अडवलं नाही.

सांगाडा पुन्हा भरला, हे सांगायला नको. आधी वाढदिवस, मग शुभेच्छा, मग उद्घाटन, आणि आता परत निकाल. मी परत पत्रक काढलंय. क्लासच्या सरांना नेऊन दिलं. ते म्हणाले, "पोरांचं कौतुक नको का करायला?" मी म्हटलं, "करा की, क्लासच्या भिंतीवर करा. पोरांचे चेहरे कुणाच्या तरी मरणाला कारण कशाला करता? त्या बिचाऱ्यांना विचारलंय का?" बघू म्हणाले. मी रोज जाऊन बघणार आहे.

काल घरी आले तर आई बाहेरच्या खोलीत उभी होती. नव्या बोर्डाचा वास तिलाही लागला असावा. दादाच्या फ्लेक्सची कपाटावरची गुंडाळी तिनं खाली काढली होती.

"टीपॉय बाजूला घे जरा."

मी टीपॉय घेतला, सोफा ढकलला, खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. आईनं एक टोक दाराशी धरलं आणि मी गुंडाळी पुढं ढकलत गेले. खालून उलगडत होतं. आधी गॉगलवाली पोरं, मग शर्टाची बटणं, मग गळा, हनुवटी, हसणारे ओठ.

"अजून थोडं," आई म्हणाली. "डोळे येऊ देत."

मी गुंडाळी दाबून पाहिली, तिरकी करून पाहिली.

"भिंत आली, आई."